न भरलेला चुडा

कार्ल्याच्या नूरमहंमद मणियाराने देवीला चुडा भरलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण ही गोष्ट नक्की ठाऊक असलेली माणसे मावळात चारच उरली होती. त्यांतले एक पुण्याला निघून गेले, दोन वारले, आणि चौथ्याने, म्हणजे खुद्द नूरमहंमदाने, आपले मत बदलले.

बांगड्या भरण्याचा धंदा तसा विचित्र आहे. ज्या गावात बाई नवऱ्याचे नाव घेत नाही आणि सासऱ्यासमोर मान वर करत नाही, त्याच गावात एक परका पुरुष ओट्यावर बसून तिचे मनगट हातात घेतो, दाबतो, बोटे चुरगळून अंगठा आत मुडपतो, आणि घरची सगळी माणसे ते बघत बसतात. कुणाला त्यात काही वाटत नाही. चुडा भरून झाला की बाई पदर सावरून त्याला नमस्कार करते. ब्राह्मणाची असली तरी करते. मग तो हिशेबाबाहेरची एक बांगडी वर चढवतो आणि "सुखी ऱ्हावा" म्हणतो. एवढे झाल्यावर त्याने पाणी मागितले तर ते त्याला वरून ओंजळीत घालतात. नूरमहंमदाला यात विसंगती दिसत नसे. हात धरायचा परवाना वेगळा आणि तांब्याचा वेगळा, असे तो समजून होता.

कार्ल्याहून निघून लोहगडवाडी, कुसगाव आणि बाजाराच्या दिवशी लोणावळे, असा त्याचा फेरा. खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि पाठीवर गाठोडे. तो बायकांच्या तोंडाकडे बघत नसे, आणि ही त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अक्कल होती. घराघरांत त्याला नूरभाऊ म्हणत.

त्याला एक मुलगी होती, उम्मेहानी. घरात तिला उम्मी म्हणत. तिचे लग्न तळेगावच्या एका घरात ठरले होते, आणि इन्फ्लुएंझाच्या साली, लग्न तोंडावर असताना, तिने बापाकडे हट्ट धरला.

"अब्बा, चुडा भरून तर बघू. कसा दिसतोय त्ये."

"आदल्या दिशी भरायचा असतुया," आई मेहमुदा म्हणाली. "आत्ताच घातला तर लगीन लागायच्या आदी निम्मा वाढवून बसशील."

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मुसलमानांच्या घरातही हीच रीत आहे, निदान मावळातल्या.

नूरमहंमदाने मेहमुदाकडे न बघता मुलीला पुढ्यात बसवले आणि हिरवा चुडा भरला. पोरीचे हात मऊ होते, कुठे अडले नाही. उम्मी दोन्ही हात पुढे धरून घरभर फिरली. नंतर ताप आला. प्रथम मेहमुदाला आला, मग हिला. मेहमुदा उठली. ही उठली नाही.

मयतीला आंघोळ घालायची तर हातात काच ठेवत नाहीत. बांगड्या दगडाने वाढवायच्या. त्या साली वस्तीतल्या निम्म्या बायका अंथरुणाला खिळलेल्या आणि उरलेल्या दुसऱ्याच्या मयतीत गुंतलेल्या. एक म्हातारी मावशी तेवढी भिंतीला धरधरून आली होती, तिने दगड हाती घेतला.

"थांब मावशी," नूरमहंमद म्हणाला.

तो मुलीपाशी बसला. बोटांना तेल लावले. तिचा हात कधीचा गार पडला होता आणि अंगठा आत वळत नव्हता. जिवंत हाताला दुखले की तो आपोआप सैल पडतो. हा हात काही केल्या सैल पडेना. तरी त्याने सगळ्या बांगड्या काढल्या, एकही वाढू दिली नाही. दगड तसाच हातात धरून मावशी बघत राहिली. काढलेला चुडा त्याने कोनाड्यात ठेवला.

मेहमुदाचा ताप उतरला तेव्हा तिला पहिल्यांदा तो कोनाडा दिसला. "त्ये तितं नगं," ती म्हणाली. फोडून टाक असे ती म्हणाली नाही, आणि फोडणे त्याला जमणारे नव्हते. मग त्याने त्या बांगड्या बाकीच्या हिरव्या माळेत ओवल्या आणि माळ अशी फिरवली की कोणत्या कुठे गेल्या ते त्यालाही ओळखू येऊ नये. पुढे तो फेऱ्याला निघाला. त्या वर्षी मावळात लग्ने राहून गेली होती, ती पुढच्या वर्षी लागली. हिरव्या माळा संपल्या.

कुणाच्या हातात मेलेल्या पोरीचा चुडा गेला, हे कुणालाच कळले नाही. कळले असते तर नूरमहंमदाला मावळात पुन्हा कोणी मनगट दिले नसते. एवढे त्याला समजत होते, म्हणून तो पंधरा-सोळा वर्षे गप्प राहिला. धंदा चालू ठेवला. हात धरत राहिला.

*

चिंतामणी मास्तर पुण्याच्या एका हायस्कुलात शिकवत. छातीचे दुखणे लागले म्हणून हवा खायला ते लोणावळ्याला आले आणि वळवणच्या बाजूला दोन खोल्या घेऊन राहिले. ते कवीही होते. त्या काळी पुण्याच्या मासिकांत अशी एक रीत होती, की कवीला स्वतःचे काही सांगायचे असेल तर ते राधेच्या तोंडून सांगायचे आणि राधेचे काही सांगायचे असेल तर स्वतःच्या. त्यामुळे कवितेत जिकडे तिकडे "मी" असे, आणि तो नेमका कोण हे विचारणे गावंढळपणाचे मानले जाई. मास्तर या रीतीत तयार होते. अहल्या, शबरी, द्रौपदी अशा सगळ्यांच्या वतीने त्यांनी "मी" म्हणून पाहिले होते. माणूस सज्जन होता. खोकल्याची उबळ आली तर समोरच्याची क्षमा मागून बाहेर जात असे.

त्यांच्या पत्नी पद्मजाबाई. त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती वर्षाच्या आत गेली होती. नूरमहंमद त्यांच्या ओट्यावर बांगड्या भरायला बसला असताना त्यांनी सहज विचारले, "नूरभाऊ, तुम्हाला मुलंबाळं?"

"व्हती एक," तो म्हणाला.

यावर बहुतेक बायका "देवाची मर्जी" म्हणून गप्प बसतात. पद्मजाबाईंनी "माझीही होती" म्हटले आणि हात तसाच त्याच्या हातात राहू दिला. मग नूरमहंमद बोलला. मनगटाकडे बघत बोलला. ताप, दगड, तेल, माळ, सगळे बोलला. शेवटी म्हणाला, "बाई, ह्ये कुटं बोलू नगा. माजं पोट हाय ह्याच्यावर."

"नाही बोलणार," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि त्या खरोखरच बोलल्या नाहीत. पण खिडकीच्या आत मास्तर आरामखुर्चीत पडलेले होते.

मास्तरांनी ती हकिकत मनात घोळवली. त्यांना ती फार थोर वाटली, आणि थोर वाटलेल्या गोष्टीला आहे तशी ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शिवाय "कुठे बोलू नका" हे त्यांनीही ऐकले होते, म्हणून नावगाव गाळून ओळख पटणार नाही असे काही करणे त्यांना सभ्यपणाचे वाटले. त्यांनी कविता लिहिली. नाव ठेवले 'मणियार'. तीत एक मणियार लोहगडाच्या वाटेवर दिवेलागणीला बसला आहे. एक मुलगी येते आणि चुडा मागते. तिचा हात पाषाणासारखा थंड लागतो. चुडा भरून होतो तेव्हा मणियाराला कळते, की ही डोंगरावरची देवी. आणि मग शेवटचे कडवे :

हिरवा चुडा भरूनी तिजला
कडा उतरुनी आलो;
त्या हातानंतर हातांना
साऱ्या मी अंतरलो.

म्हणजे पोरीची देवी झाली, काढण्याचे भरणे झाले, आणि त्यानंतर पंधरा-सोळा वर्षे रोज हात धरणारा माणूस हाताला न शिवणारा झाला. एवढे तीन बदल सोडले तर हकिकत जशीच्या तशी होती.

कविता मासिकात आली आणि गाजली. एका रसिक प्राध्यापकाने तिच्यावर लेख लिहिला. त्यात मणियार म्हणजे कवीचा आत्मा, बांगड्या म्हणजे गीते आणि थंड हात म्हणजे रसिकांची उपेक्षा, असे सप्रमाण दाखवले होते. पुढे तिला चाल लागली आणि तबकडी निघाली. आवाज गोड होता, गाणारा "अंतरलो"वर बराच वेळ थांबत असे. लोणावळे स्टेशनासमोरच्या हॉटेलात ती दिवसातून इतक्यांदा लागे की गाडी चुकलेल्या माणसालाही पाठ व्हावी.

*

ही बातमी नूरमहंमदाला कुसगावात रतनबाईच्या ओट्यावर कळली. रतनबाई गावातली मानाची बाई. लग्न असो की डोहाळजेवण, पहिले मनगट ती पुढे करी आणि मग बाकीच्या बसत. तिचा दीर स्टेशनावर हमाल होता.

"काय वो नूरभाऊ, इतकी वरसं दारात येताय, आन सांगितलं न्हाई व्हय?"

"काय सांगायचं, रतनबाई?"

"आईला चुडा भरला त्ये."

"कोन्च्या आईला?"

"आता कोन्च्या. डोंगरावरल्या."

नूरमहंमदाला वाटले थट्टा चालली आहे. तो म्हणाला, "आईचं बलावनं आलं तर फुकट भरीन की. आजून तरी सांगावा न्हाई."

बायका हसल्या. मग एकमेकींकडे बघून हसायच्या थांबल्या. रतनबाई म्हणाली, "बगा, म्हनले न्हवं. खरं आसनारा मानूस आसाच उडवून लावतो."

"आवो, कुनी सांगितलं तुमाला?"

"गान्यात हाय. तुमीच म्हनताय, मी भरला म्हनून."

"मी कुटं गातोय?"

"तुमी न्हाई गात. गानारा दुसरा. पर मी म्हनतोय त्यो मनियार तुमीच की. मावळात दुसरा मनियार कोन हाय?"

यात रतनबाईचे फारसे चुकले नव्हते. जात्यावर बसून ती जन्मभर ओव्या म्हणत आली होती. त्या ओव्यांत भाऊ म्हणजे तिचाच भाऊ, नावानिशी. सासू म्हणजे तिचीच सासू, तीही नावानिशी, फक्त सासू घरात नसताना. गाण्यात "मी" म्हणायचे आणि तो कोणीच नसायचा, ही सोय तिच्या माहितीतली नव्हती. ती सोय पुण्यात निघाली होती.

त्या दिवशी रतनबाईने मनगट पुढे केले नाही. हात जोडले.

"आईच्या हाताला लागल्याला हात. आमच्या राखंच्या हाताला कसा लावून घ्यायचा? आन तुमीच म्हनलाय, त्या हातानंतर दुसरा हात धरनार न्हाई. तुमचं बरत मोडल्याचं पाप आमाला नगं."

पहिली बसली नाही म्हणून दुसरी बसली नाही. निघताना त्यांनी त्याला नारळ दिला, आणि त्याने पाणी मागितले तेव्हा तांब्या त्याच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तांब्या मिळाला. हात मिळाले नाहीत.

लोहगडवाडीत तेच. कार्ल्यात तेच. बाजारात बायका त्याच्या पुढ्यातून वाकून नमस्कार करीत जात आणि पलीकडे तळेगावाहून आलेल्या नव्या कासाराकडे बसत. नूरमहंमदाने प्रथम हसून सांगितले, मग शपथा घेतल्या, मग चिडून सांगितले. प्रत्येक वेळी लोकांची खात्री थोडी वाढली. त्याचा थोरला भाऊ ताजुद्दीन, ज्याचे कार्ल्यात डोंगराच्या पायथ्याला नारळ-उदबत्तीचे दुकान होते, तो म्हणाला, "मशिदीत मला इचारत्यात, तुज्या भावाला देवी दिसली व्हय? म्या म्हनलं, न्हाई. तर हितं दुकानात गिऱ्हाईक इचारतंय, तुज्या भावाला देवी दिसली न्हवं? आता हितं न्हाई कसं म्हनू? हितं नारळ इकतोय मी."

"मंग काय म्हनलास?"

"म्हनलं, त्यो लय बोलत न्हाई."

*

नूरमहंमद मास्तरांकडे गेला. मास्तर आता अंथरुणातच असत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांना खरेच वाईट वाटले.

"नूरभाऊ, त्या कवितेतला मी म्हणजे तुम्ही नव्हे."

"मंग कोन?"

"तसं म्हटलं तर कोणीच नाही."

"तुमी?"

"मीही नाही. तो कवितेतला आहे. कवितेपुरता."

नूरमहंमदाने यावर बराच विचार केला. "मास्तर, त्यो कुनीच न्हाई तर त्याचं कायबी करा. पर त्यानं हात सोडले, आन सुटले माजे. ह्ये कसं?"

मास्तरांना खोकला आला. क्षमा मागून बाहेर जाण्याइतकी ताकद उरली नव्हती, म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. नंतर म्हणाले, "मी मासिकात खुलासा देतो. खरं काय घडलं ते स्पष्ट लिहितो. मुलीचं, चुड्याचं. देवीबिवी काही नव्हती असं."

नूरमहंमद उभा राहिला. "नगं. मास्तर, पाया पडतो, त्ये नगं."

कारण खुलासा म्हणजे मयतीच्या हातातल्या बांगड्या माळेत ओवून विकल्याची कबुली. खोट्याने बायका त्याला हात देत नव्हत्या. खरे कळले तर दारात उभा करणार नव्हत्या. ज्या ज्या घरात त्या वर्षी हिरवा चुडा गेला होता, तिथला प्रत्येक मृत्यू त्याच्या नावावर मांडला गेला असता. त्याला दोन्ही बाजूंनी दार बंद होते.

जाताना तो दारात थांबला. "हात थंड व्हता आसं तुमी लिवलंय. त्ये बरोबर हाय," तो म्हणाला. "तेवडंच बरोबर हाय."

हे सगळे पद्मजाबाई आतून ऐकत होत्या. त्यांना उपाय सुचला, आणि तो सरळ होता, धाडसाचा होता. बाजाराच्या दिवशी त्या एकट्या बाजारात गेल्या, सगळ्यांच्या देखत नूरमहंमदापुढे जमिनीवर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"हिरवा चुडा भरा, नूरभाऊ."

गर्दी जमली. रतनबाईही होती. पद्मजाबाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "ते गाणं आमच्या घरात लिहिलंय. ते ह्यांनी मनानं रचलंय. नूरभाऊंनी कसलंही व्रत घेतलेलं नाही. बघा, मी हात दिलाय."

नूरमहंमदाने मनगट धरले. कित्येक महिन्यांनी धरले. बोटे कुठे विसरली नव्हती. अंगठा मुडपला, काच सरकली, एकही बांगडी वाढली नाही. शेवटी त्याने ती हिशेबाबाहेरची बांगडी चढवली आणि "सुखी ऱ्हावा" म्हणाला. पद्मजाबाईंनी नमस्कार केला. गर्दीतल्या एक-दोघी खाली बसण्याच्या विचारात दिसल्या. रतनबाई म्हणाली, "थांबा गं, बगू आदी."

तिला फार थांबावे लागले नाही. पाऊस सरता सरता मास्तर वारले.

मास्तर मरणार हे लोणावळ्यात सगळ्यांना ठाऊक होते. डॉक्टरला, दूधवाल्याला, घरमालकाला, खुद्द मास्तरांना. त्यांच्या छातीने तशी नोटीस पुण्यातच दिली होती. पण ती नोटीस गाण्यात नव्हती. लोकांनी पाहिले ते एवढेच, की ज्या बाईने मणियाराला व्रत मोडायला लावले, तिचा तोच चुडा वर्ष पुरे व्हायच्या आत वाढवावा लागला. पद्मजाबाईंची जाऊ पुण्याहून आली होती, तिने त्यांचे हात उंबऱ्यावर ठेवून बांगड्या वाढवल्या. पद्मजाबाई त्या वेळी म्हणाल्या म्हणे, की ह्या तेल लावून निघाल्या असत्या. जाऊ म्हणाली, तुझं काहीतरीच.

पुढल्या आठवड्यात पद्मजाबाई पुण्याला गेल्या. नूरमहंमदाची एकुलती एक साक्षीदार गेली, आणि जाताना आपल्या कपाळाने त्याच्या विरुद्ध साक्ष देऊन गेली. मासिकाने मास्तरांवर खास अंक काढला. मुखपृष्ठावर हिरव्या बांगड्यांचे चित्र होते.

*

पोटाला काहीतरी हवेच. ताजुद्दीनने भावाला दुकानाबाहेर पथारी टाकून दिली. "माळा तेवड्या मांडून बस. भरू नगंस. लोक आपल्या हातानं घितील आन वर आईला वाहतील."

"आन इचारलं तर?"

"गप बस. तुला तर सवय हाय."

चैत्रात जत्रेला आलेले लोक वर चढण्याआधी त्याच्यापुढे थांबू लागले. मुंबईकडचे लोक तबकडी ऐकून आलेले असत. "हाच का तो?" असे ते ताजुद्दीनला विचारत, आणि ताजुद्दीन मान अशी हलवी की तिचा अर्थ मशिदीत एक लागावा आणि दुकानात दुसरा. नूरमहंमद काही दिवस गप्प बसला. मग कोणीतरी आग्रह केला तेव्हा "व्हय, थंड व्हता हात" एवढेच म्हणाला. ते खोटे नव्हते. मग लोक विचारत, कुठे भेटली, तर तो लोहगडाच्या बाजूला बोट करी. तेही खोटे म्हणता येणार नाही. बोट कुठेही करता येते. पुढल्या जत्रेपर्यंत दिवेलागण आली, पैंजण आले, आणि चुडा भरताना वारा थांबला होता हेही आले. वारा मास्तरांच्या कवितेतही नव्हता. तो नूरमहंमदाचा स्वतःचा होता. कवितेने माणसाचे सगळे घेतले तर माणूसही कधीतरी कवितेत चार ओळी घालतो.

मेहमुदा हे घरातून ऐकत होती. घर दुकानाच्या मागेच होते. एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, "हात लय थंड व्हता."

"कुनाचा?"

"आईचा."

मेहमुदाने भाकरी मोडायची थांबवली. "उम्मीचा," ती म्हणाली.

नूरमहंमदाने तिच्याकडे पाहिले. आठवायला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "व्हय. तिचाबी."

त्यानंतर मेहमुदा रोज काहीतरी निमित्ताने घरात त्या पोरीचे नाव घेऊ लागली. उम्मीला कारली आवडत नव्हती. उम्मी दारातून येताना उंबऱ्याला ठेचाळायची. तळेगावच्या त्या पोराचं दुसरीशी लगीन लागलं, आता बरं चाललंय. नूरमहंमद ऐकून घेई. परक्याच्या घरातली हकिकत ऐकताना माणूस जसा मान हलवतो तशी हलवी.

युद्ध आले. काच मिळेनाशी झाली, मिळाली तर भाव विचारवेना. त्याच सुमारास मेहमुदा अंथरुणाला लागली. आपण उठणार नाही हे तिला कळले होते, आणि तिने त्याला एकच गोष्ट सांगितली.

"माज्या बांगड्या दगडानं वाढवू दिऊ नगा. तुमी काडा. पोरीच्या काडल्या तशा."

"व्हय," तो म्हणाला.

"आठवतंय न्हवं, कशा काडल्या त्ये?"

"व्हय म्हनलं की."

ती तिसऱ्या प्रहरी गेली. ताजुद्दीनची बायको आणि शेजारच्या दोघी आंघोळ घालायला आल्या. मेलेल्या बायकोला नवऱ्याने हात लावू नये असे एकीने काढले. पण मेहमुदाने तिघींनाही आधीच बजावून ठेवले होते, म्हणून मध्ये फडके धरून काढल्या तर चालेल असे त्यांचे आपसात ठरले. ताजुद्दीनच्या बायकोने तेलाची वाटी आणली आणि दाराशी येऊन हाक मारली.

"भाऊजी, या. तिची विच्छा व्हती."

नूरमहंमद ओट्यावर बसला होता. तो उठला, हात धुतले आणि आत आला. मेहमुदाच्या हातात साध्या बांगड्या होत्या, त्यानेच कधीकाळी भरलेल्या. वर्षांनुवर्षे त्या मनगटात बसून सैल झाल्या होत्या. तिचे हात आजाराने इतके वाळले होते, की तेलाचीही गरज नव्हती. कोणीही काढल्या असत्या. तो खाली वाकला. फडक्यावरून तिचा हात उचलला आणि तसाच थांबला. बायकांना वाटले, रडतोय. तो रडत नव्हता. त्याने हात अलगद खाली ठेवला, आणि मावळातला माणूस आयुष्यात कधी बोलणार नाही अशा स्वच्छ पुणेरी उच्चारात म्हणाला, "त्या हातानंतर हातांना साऱ्या मी अंतरलो."

"म्हंजी?" ताजुद्दीनच्या बायकोने विचारले.

म्हणजे काय ते त्याला सांगता आले नाही. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. जत्रेला आलेल्यांपुढे तो असाच बसत असे.

 आत एका शेजारणीने चुलीपाशी जाऊन वरवंटा आणला.